प्रश्न अर्ध्या मिनिटाचा नाही, षड्जाचा आहे
रेडिओवर शास्त्रीय गाणं चालू असताना मधेच दुसऱ्या कार्यक्रमाची जाहिरात, म्हणजे प्रोमो, वाजवतात. ‘प्रोमो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असतो, तेवढं सहन करायला काय हरकत आहे,’ असं काही श्रोते म्हणतात, ते मला पटत नाही. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, एकतालाचं एकेक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) जवळजवळ मिनिटभर चालतं. म्हणजे अर्धा मिनिट हा गायक समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघालेला असतानाचा अर्धा रस्ता झाला. आणि वेळेपेक्षा मोठं नुकसान सुराचं होतं, त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटं तानपुरा ऐकून कानात एक षड्ज, म्हणजे बाकीचे सूर ज्याच्या आधाराने लागतात तो ‘सा’, बसलेला असतो. प्रोमोमागचं संगीत भलत्याच पट्टीत वाजतं आणि तो षड्ज पुसून टाकतं.

दादरला आमच्याकडे आई पहाटे रेडिओ लावून स्वयंपाक करते. तोडी राग चालू असला की तिचं गुणगुणणंही चालू असतं, त्यातला कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ‘ग’, अगदी जागेवर. परवा आलाप मधेच तोडून संध्याकाळच्या कार्यक्रमाचा प्रोमो वाजला. गाणं परत सुरू झालं, पण आई गप्पच राहिली. ‘सा हरवला गं,’ म्हणाली. मला फार वाईट वाटलं. प्रोमो जरूर लावा, पण बंदिश संपल्यावर, निवेदकाच्या साध्या आवाजात, मागे कुठलंही संगीत न लावता.