मदत हवी आहे: गढूळ खाडीत ई-डीएनएचे नमुने कसे घ्यायचे?

दाभोळ खाडीत जिताडा, तांबोशी, शेंगटी हे मासे कुठवर येतात हे जाळं न टाकता, पाण्यातल्या ई-डीएनएवरून (माशांच्या अंगातून पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून) बघायचंय. मायफिश प्रायमर (माशांच्या '१२एस' जनुकाचा तुकडा शोधून त्याच्या प्रती वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे धागे) वापरणार आहोत. घोडं अडलंय गाळावर. डीएनए गाळून पकडायचा ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर अर्धा लिटर पाणी जायच्या आतच चिखलाने बुजतो. मोठ्या छिद्रांचा घ्यावा, की पाणी आधी जाड जाळीतून काढावं? त्यात डीएनए किती वाया जातो? आणि या उकाड्यात बर्फाविना फिल्टर टिकवायला इथेनॉल बरं की लाँगमायर बफर (डीएनए टिकवणारं द्रावण)?

दुसरं म्हणजे, जेटीवर मासळी धुतलेलं पाणी खाडीतच उतरतं. म्हणजे बाहेरची सुरमईसुद्धा आमच्या यादीत 'सापडणार'! जेटीपासून किती लांब, भरतीला की ओहोटीला नमुने घ्यावेत? कोकणात किंवा गोव्यात प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा.