झाबुआ-अलीराजपूर: 2001 आणि 2011 चे आकडे जुळत नाहीत

तुकोगंजकर: नमस्कार मंडळी. वाचनालयात लावायला मध्य प्रदेशातल्या इंदूर संभागातल्या (महसुली विभागातल्या) आठ जिल्ह्यांचा तक्ता करतोय, झाबुआपाशी अडलो. 2001 च्या जनगणनेत लोकसंख्या 13,94,561, 2011 च्या जनगणनेत 10,25,048. पावणेचार लाख माणसं गेली कुठे? शिवाय अलीराजपूरचे भाग एका यादीत पाच, दुसरीत सहा. खरं काय?

माळवेकर: माणसं तिथेच आहेत, जिल्हा तुटला. 17 मे 2008 ला अलीराजपूर वेगळा झाला आणि 2001 चा तुमचा आकडा अखंड झाबुआचा आहे. नव्या हद्दींप्रमाणे 2001 मध्ये झाबुआ 7,84,286 आणि अलीराजपूर 6,10,275. बेरीज करून बघा, तंतोतंत येते. 2011 ला अलीराजपूर 7,28,999. म्हणजे दहा वर्षांत झाबुआ 30.7 टक्क्यांनी वाढला, अलीराजपूर 19.5 टक्क्यांनी.

याद्या दोन्ही बरोबर. पाच त्या 2011 च्या तहसिली: अलीराजपूर, जोबट, भाबरा, कट्ठीवाडा, सोंडवा. त्या महसुलाच्या, पटवारी (तलाठी) आणि खसरा (जमिनीची नोंद) तिथे. सहा ते विकासखंड, म्हणजे जनपद पंचायती (महाराष्ट्रातल्या पंचायत समितीसारख्या). त्यात उदयगढ जास्तीचं. झाबुआतही तेव्हा असंच होतं, तिथे रामा हा विकासखंड जास्तीचा. तक्त्यात एकच कुठलं तरी घ्या, मिसळू नका. भाबऱ्यापुढे चंद्रशेखर आझाद नगर हे नवं नावही लिहा, मुलं विचारतील.

तुकोगंजकर: आभारी आहे, दादा. मग एकट्या उदयगढची लोकसंख्या कशी काढू? आणि गावांची बेरीज केली तर दुप्पट-तिप्पट आकडा येतोय.

आकडेमोड: तुम्ही प्राथमिक जनगणना सारांशाची एक्सेल घेतलीत. त्यात जिल्हा, तहसील, गाव अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, वर एकूण, ग्रामीण, शहरी अशा वेगळ्या. आधी पातळीच्या रकान्यात फक्त 'गाव' फिल्टर करा, मग बेरीज. विकासखंडासाठी ही फाईल सोडा आणि गावनिर्देशिका घ्या: तिथे प्रत्येक गावापुढे विकासखंड आणि ग्रामपंचायत दोन्ही दिलेली असतात. दोन फाईली जोडताना गावाचा सहा आकडी कोड वापरा, नावावर जाऊ नका. एकाच नावाची गावं निघतात. 2001 चे कोड वेगळ्या पद्धतीचे आहेत, ते थेट जुळणार नाहीत.

साक्षरतेत हमखास चूक होते ती भाजकाची. 0 ते 6 वर्षांची मुलं वजा करूनच भागायचं. अलीराजपूरचे 36.1 टक्के तसेच निघतात. एकूण लोकसंख्येने भागलंत तर आधीच कमी असलेला आकडा आणखी खाली जातो, आणि जिल्ह्यावर अन्याय होतो.

माळवेकर: एक तळटीप मात्र जरूर टाका. 2011 ची गणती 9 ते 28 फेब्रुवारी झाली, फेरतपासणी 5 मार्चपर्यंत. त्या वर्षी होळी 19 मार्चला, म्हणजे भगोरिया, आदिवासींचे होळीआधीचे आठवडी मेळे, त्याच्या आधीच्या आठवड्यात. गुजरातेत मजुरीला गेलेली घरं भगोरियाला परततात. जे कुटुंब ते वीस दिवस पूर्ण बाहेर होतं, ते जिथे सापडलं तिथल्या खात्यात गेलं. फळियातल्या (पाड्यावरच्या) कुलूपबंद झोपडीतली माणसं गावाच्या आकड्यात धरली गेली नाहीत.

तुकोगंजकर: टीप तक्त्याच्या खाली नको, झाबुआ-अलीराजपूरच्या ओळींच्या शेजारीच लावतो.