शेलमधल्या अमोनाइटचे पापुद्रे सुटतायत, मदत हवी आहे

मंडळी, शेलच्या (पातळ पापुद्र्यांचा, चिखलापासून बनलेला खडक) थरातून छिन्नी-हातोडीने एक अमोनाइट (नामशेष झालेल्या, गोल वळणाच्या शंखाच्या समुद्री जीवाचं फॉसिल) काढलाय, दगड थराच्या रेषेवर उघडला त्यामुळे एका भागात फॉसिल आणि दुसऱ्यात त्याचा ठसा असे दोन्ही तुकडे मिळालेत, पण दगड वाळतोय तसे कडेचे पापुद्रे सुटायला लागलेत आणि मला हा नमुना आयुष्यभर जपायचाय. सध्या ओलसर कागदात गुंडाळून हळूहळू वाळवतोय, कारण शेल पटकन वाळला की तडकतो. आता पॅरालॉइड बी-७२ (ठिसूळ नमुने पक्के करणारी पारदर्शक कृत्रिम राळ) अ‍ॅसिटोनमध्ये पातळ करून लावायचं म्हणतोय, तर ते पूर्ण वाळल्यावरच लावायचं ना? आणि किती पातळ, म्हणजे आत मुरेल, वर चकाकी येणार नाही?

दुसरं म्हणजे मधे सोनेरी चमक दिसतेय, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असणार. दमट हवेत ते सडतं, आम्ल सुटतं आणि फॉसिलचा भुगा होतो, याची खरी धास्ती आहे. सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) टाकून बंद डब्यात ठेवलं तर पुरतं का, की आधी अजून काही करावं लागतं?

कुठल्या थरातून काढला ते मोजून लिहून ठेवलंय, फोटोही आहेत, ती माहिती नसेल तर फॉसिलला अर्थच उरत नाही. ज्यांनी स्वतः पायराइटवाले नमुने बरीच वर्षं टिकवलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.