मदत हवी आहे: आखूड नळीची नवी पॉइंट टू टू की जुनी मॅच रायफल?

मंडळी, नमस्कार.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी राधानगरी भागातला, गेली सहा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला. १ ऑगस्ट २०२४ला सकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइलवर ऑलिंपिक नेमबाजीची शातोरूची फायनल बघत होतो. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं आणि मी असा ओरडलो की शेजारच्याचा चहा सांडला. पुढच्याच महिन्यात इथल्या नेमबाजी क्लबात नाव घातलं. भांडवल काय, तर कॉलेजात एनसीसीला मारलेली पॉइंट टू टू (०.२२ इंची गोळीची रायफल).

इथं हौस म्हणून उठून रायफल आणता येत नाही. वर्षभर क्लबात नियमित फायर केलं, शस्त्रज्ञानाची परीक्षा दिली, महासंघाकडून गरजेचा दाखला घेतला. आता ‘पिवळं कार्ड’ हातात आहे. बोल्टची (दर गोळीला हातानं दांडा ओढायची) पॉइंट टू टू या कार्डावर घेता येते, घेतल्यावर दोन आठवड्यांत कार्यालयात नोंद करायची. तेव्हा परवान्याचं विचारत नाहीये. घोडं अडलंय ते रायफल कोणती घ्यावी यावर.

माझ्या मनात भरलीय टिक्का टी१एक्स, सोळा इंची नळीची. वजन अडीच-पावणेतीन किलो, लांबी मीटरच्या आत, दहा गोळ्यांचं मॅगझिन. दुकानात हातात घेतली तेव्हा बोल्ट असा सरकला, जणू लोण्यातून सुरी. झेकवाल्यांची सीझेड ४५७सुद्धा पाहिली. तिचा बोल्ट साठच अंशांत उघडतो, त्यामुळे वर स्कोप (दुर्बीण) असला तरी बोटं आपटत नाहीत. पण ट्रिगर मला टिक्काचा आवडला.

दुसरीकडे क्लबातले एक आजोबा त्यांची अन्शुट्झ १८१३ ही मॅच (म्हणजे स्पर्धेची) रायफल विकताहेत. आठशे युरो, पीप साइटसकट (बारीक भोकातून नेम धरायची साइट). सात किलोच्या आसपास वजन, सत्तर सेंटिमीटरला टेकलेली नळी, एका वेळी एकच गोळी. गेल्या शनिवारी त्यांनी मॅटवर झोपवून दिली. स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) आवळला, गाल लाकडाला लावला (जुन्या तेलाचा वास येतो त्या लाकडाला), आणि पुढच्या गोल साइटमध्ये काळा ठिपका माझ्या नाडीबरोबर वरखाली होताना दिसायला लागला. तो थांबेपर्यंत थांबलो. ट्रिगरला बोट लावलं न लावलं तोच गोळी सुटली. दहा.

मग घेऊन टाक की, असं म्हणाल. पण मी चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. इथं रायफल घरी ठेवायची तर ठरावीक सुरक्षा-दर्जाची पोलादी तिजोरी लागते. १८१३ उभी राहील अशी तिजोरी दीडशे किलोच्या आसपास जाते. टिक्का घेतली तर बुटक्या तिजोरीत भागेल आणि तीसेक किलो तरी वाचतील. क्लबात ठेवायची सोय नाही. शिवाय माझी उंची पाच फूट तीन इंच. सात किलोचं धूड मला पेलेल का, आणि आखूड नळीनं नेम बिघडतो का, हे दोन प्रश्न. अनुभवी लोकांनी सांगावं.

आंबोळी: कोल्हापूरचे ना तुम्ही? गोफण घ्या. तिजोरी लागत नाही, पिवळं कार्ड लागत नाही.

मु. पो. रीहिमाकी: माझ्याकडे टी१एक्स आहे, चार वर्षं झाली. ती बनते तो कारखाना आमच्याच गावात, फिनलंडात. नळीची काळजी सोडा. पॉइंट टू टूच्या काडतुसात दारू चिमूटभर. ती चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये जळून संपते, पुढची नळी गोळीला फारसा वेग देत नाही. मॅचची गोळी तर मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, सेकंदाला ३२०-३३० मीटर. आखूड नळी उलट ताठ असते. आणखी एक फायदा: टी१एक्सची बैठक मोठ्या टी३एक्ससारखीच, त्यामुळे त्या रायफलीचे बाजारात मिळणारे दस्ते हिलाही बसतात. उंची कमी असेल तर उंची-लांबी जुळवता येणारा दस्ता नंतर घाला.

दहाचा ठोका: वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्नच उलटा विचारलाय. रायफल नंतर, आधी सांगा की मारणार काय आहात? मी पुण्यात बालेवाडीला बरीच वर्षं प्रोन (झोपून) मारलंय, म्हणून विचारतो. कुसाळेसारखं थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं, किंवा नुसतं प्रोन मारायचं असेल, तर त्या नियमांत स्कोप चालत नाही. तुमची टिक्का दुकानातून येते ती स्कोपच्या हिशेबानं. तिच्यावर चांगली पीप साइट बसवायची म्हणजे जुगाड, आणि मॅगझिनचा तिथं उपयोग शून्य. स्कोपच्या स्पर्धा वेगळ्या नियमांखाली होतात, तुमचा क्लब त्यातलं काय खेळतो ते बघा.

नळीबद्दल एक भर. पीप साइटला पुढची आणि मागची साइट एकमेकींपासून जितकी लांब, तितकी नेमातली चूक कमी. म्हणून हल्लीच्या मॅच रायफलीत खरी नळी आखूड ठेवून पुढे पोकळ नळकांडं लावतात आणि त्याच्या टोकाला साइट बसवतात. म्हणजे ‘आखूड’ तुम्हाला तिथंही मिळेल, फक्त पैसे जास्त.

उंचीचं म्हणाल तर १८१३चं बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा तुकडा) मागेपुढे, वरखाली होतं. ते पूर्ण आत घ्या. कोपर काटकोनात वाकवून बट कोपराच्या खळगीत टेकवा, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात आलं पाहिजे. ताणून आलं तर लांब आहे. झोपून वजन स्लिंग पेलतो, हात नाही. उभ्यानं मात्र सात किलो पहिले सहा महिने कंबर मोडेल, हे खरं. तेजस्विनी सावंतनं २०१०ला म्युनिचला विश्वविजेतेपद मिळवलं ते ५० मीटर प्रोनमध्येच. आपल्या कोल्हापूरचीच आहे, तेव्हा प्रोनपासून सुरुवात करायला कमीपणा नाही.

आणि पैसे उरले तर ते गोळ्यांवर घाला. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ची. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये (उत्पादनाच्या खेपांत) ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा फैलाव, दुप्पट झालेला मी पाहिलाय. लापुआ या काडतूस कंपनीचं चाचणी केंद्र तुमच्याच देशात शेनेबेकला आहे. तिथं रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जो जमला तो लॉट घेता येतो. आम्हाला इथं जे मिळेल ते गोड मानून घ्यावं लागायचं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. आंबोळी, गोफण आजोळी आहे अजून, मळ्यातल्या माचावर टांगलेली.

ठोकासाहेब, तुमच्या प्रश्नानं पाणी खोल गेलं. क्लबात विचारलं. आमच्या लीगमध्ये पीप साइटच, स्कोपवाले दोघंतिघं रविवारी आपापलं मारतात. मी अठरा महिने तिथं जातोय आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, म्हणजे बघा. काल आजोबांनी पाना घेऊन बटप्लेट पूर्ण आत नेलं. कोपराच्या खळगीत टेकवलं, बोट आरामात पोचलं. ते नुसते हसले आणि म्हणाले, मागची तीस वर्षं ही एका सहा फुटी माणसाच्या मापाला होती, तुला आवडली कशी हेच कळत नव्हतं.

रीहिमाकीकर, टिक्का मनातून गेलेली नाही. पिवळ्या कार्डावर जागा आहे. पण पहिली १८१३.

म्हणजे तिजोरी मोठीच आली. दुकानदार फुटपाथपर्यंत आणून देतो, पुढचे चार मजले आपले. जिना अरुंद आहे, दुसऱ्या मजल्यावर वळण वाईट आहे. श्टुटगार्ट, एस्लिंगन, ल्युडविग्सबुर्ग भागात कुणी धट्टेकट्टे असतील तर व्यक्तिगत निरोप करा. चार जण हवेत, येत्या शनिवारी सकाळी दहाला. कांदेपोहे आणि चहा माझ्याकडे, पट्टे आणि हातमोजे मी आणून ठेवलेत.