अडचणीत श्रद्धेनं काय दिलं? तुमचे अनुभव सांगा

सर्वांना सलाम. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्याकडे आईच्या आठवणी निघतात, त्यावरून हे सुचलं. वाईट दिवसांत प्रभूचा आधार कसा मिळाला, ते लिहा. प्रवचन नको, वचनं सगळ्यांना पाठ आहेत. घडलं तेवढं सांगा.

सुरुवात मी करते. २०२० साली पुनरुत्थानदिन, म्हणजे ईस्टर, १२ एप्रिलला होता, ऐन टाळेबंदीत. पुण्यातल्या पंचहौदच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, पहाटेची उपासना आईनं जन्मात चुकवली नव्हती. त्या दिवशीही पाचला पांढरी साडी नेसून बसली. मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवलेला. नेट अडकलं की पाळकसाहेब तोंड उघडं ठेवून थिजायचे. आई मात्र गीत पुढे म्हणत राहायची आणि ते परत हलायला लागले की म्हणायची, "आले वाटतं, चला." ऑक्टोबरमध्ये ती गेली. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळं उघडली. मी एकटी तिच्या बाकावर जाऊन बसले. गीत सुरू झालं आणि लक्षात आलं, मलाही सगळं पाठ आहे.

वडगाव शेरीहून
मी परिचारिका. २०२१ च्या एप्रिलमध्ये ड्युटी संपली की स्कूटरवर, हेल्मेटच्या आत रडायचे. प्रार्थना जमेना. "देवाचे आभार मान" म्हणणाऱ्यांचा तर संताप यायचा. महिला मंडळातल्या एका मावशींनी फोनवर एवढंच विचारलं, "८८ वं स्तोत्र वाचलंस का गं?" बायबलमधल्या बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी कुठेतरी देवाची स्तुती येते. हे अंधारातच संपतं. असलं गाऱ्हाणंही पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही, हे इतक्या वर्षांच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मला कुणी सांगितलं नव्हतं! त्या रात्री देवाशी कडाकडा भांडले. मग झोप लागली.

हडपसरहून
माझं जरा वेगळं आहे. नोकरी गेली तेव्हा "यात प्रभूची योजना असेल" हे इतक्यांदा ऐकलं, की रविवारी जायचंच सोडलं. एकदा पाळक घरी आले. मी मनात म्हटलं, आता अर्धा तास प्रार्थना. त्यांनी चहा घेतला, बायोडाटा मागून घेतला आणि गेले. नोकरी काही त्यातून लागली नाही. पण हल्ली जातो, मागच्या बाकावर बसतो. विश्वास आहे का, ते विचारू नका.

क्वार्टर गेटहून
आम्ही कॅथलिक. मुलगा आयसीयूत होता, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर अकरा रात्री काढल्या. शेजारी जुन्नरकडची एक बाई, तिचा नवरा आत. तिच्या हातात तुळशीची माळ, माझ्या हातात रोझरी. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "ताई, तुमची लवकर होते." तिचे मणी १०८, माझे ५९. मी म्हटलं, "मी दोनदा करते." त्यानंतर दोघी बरोबरच सुरू करायचो, आणि जिची आधी संपेल तिनं चहा आणायचा. बहुतेकदा तीच आणायची, कारण दोनदा म्हटल्यावर माझी लांबायची.

माझं पोरगं घरी आलं. तिचा नवरा नाही. काय बोलायचं, मला कळलं नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले. आता पालखी भवानी पेठेत मुक्कामाला असली की ती घरी येऊन जाते. गेल्या खेपेला हातसडीचा तांदूळ घेऊन आली होती.