जुन्या संगणकांवर लिनक्स बसवणे आणि बिघडत्या डिस्कमधील माहिती वाचवणे : कोणते मुक्त साधन कशासाठी?

प्रश्न (महाल, नागपूर)

नमस्कार. आमच्या वाचनालयातील संगणकांवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या आवृत्तीचा नियमित पाठिंबा संपला आणि हे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून कार्यकारिणीने त्यांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवण्याचे ठरवले आहे. अडचण एका संगणकाची आहे. त्यात जुन्या हस्तलिखितांची स्कॅन केलेली पाने देवनागरी नावांनिशी ठेवलेली असून त्यांची दुसरी प्रत नाही, आणि आता तो सुरू होतानाच निळ्या पडद्यावर अडकतो. डिस्क आवाज करत नाही, पण वाचायला फार वेळ घेते. व्हेंटॉय व रुफस (दोन्ही संगणक सुरू करता येणारा पेनड्राइव्ह बनवणारी), क्लोनझिला (डिस्कची प्रत घेणारे) आणि सिस्टमरेस्क्यू (पेनड्राइव्हवरून चालणारी दुरुस्तीची लिनक्स प्रणाली) यांपैकी कशाने सुरुवात करावी? एका पेनड्राइव्हवर सगळे भागेल का?

उत्तर १ (धरमपेठ)

सुरुवात त्या डिस्कपासून करा आणि तोवर तो संगणक बंदच ठेवा. विंडोज पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे किंवा चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारे विंडोजचे साधन) चालवणे टाळा, कारण त्याने बिघडत्या डिस्कवर लिहिले जाते आणि आज वाचता येणारा भागही हातचा जाऊ शकतो.

सिस्टमरेस्क्यूमध्ये जीएनयू डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कची नव्या डिस्कवर प्रत घेणारे साधन तयार मिळते. ते नीट वाचता येणारा भाग आधी उतरवून घेते आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळते. कुठवर काम झाले याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येते. मात्र ही मॅपफाइल तिसऱ्या डिस्कवर किंवा वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. सिस्टमरेस्क्यू मेमरीत चालते आणि तिथे ठेवलेली नोंद विजेबरोबर पुसली जाते. आज्ञेत आधी मूळ डिस्क व नंतर नवी डिस्क येते. हा क्रम उलटला तर रिकाम्या डिस्कची प्रत मूळ डिस्कवर चढेल, म्हणून ‘एलएसबीएलके’ या डिस्कची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने दोन्हींचे मॉडेल आणि अनुक्रमांक पाहून कागदावर लिहून घ्या.

पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा. विभाजन (पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) हरवले असेल तर टेस्टडिस्क वापरा. फोटोरेक शेवटी, कारण ते फाइल ओळखते ती तिच्या आतल्या खुणांवरून. फाइलींची नावे आणि फोल्डर त्यातून परत मिळत नाहीत. तुमच्या संग्रहात कोणते पान कोणत्या पोथीचे हे नावावरूनच कळत असेल, तर हे नुकसान मोठे आहे. काम चालू असताना डिस्क टकटक करू लागली, तर लगेच थांबा आणि ती माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेकडे द्या.

उत्तर २ (प्रतापनगर)

पेनड्राइव्हबद्दल लिहितो. व्हेंटॉय एकदा बसवले की आयएसओ फाइली (प्रत्येक प्रणालीची एकसंध डाउनलोड फाइल) नुसत्या कॉपी करायच्या. सिस्टमरेस्क्यू, क्लोनझिला आणि लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) एकाच यादीत दिसतात. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर पहिल्या वेळी व्हेंटॉयची किल्ली त्या संगणकात नोंदवावी लागते. व्हेंटॉयच्या कोडसंग्रहात आधीच तयार केलेल्या बायनरी (वाचून तपासता न येणाऱ्या) फाइली असल्याबद्दल जाणकारांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. त्यामुळे हस्तलिखितांच्या संगणकासाठी मी रुफसने फक्त सिस्टमरेस्क्यूचा वेगळा पेनड्राइव्ह तयार करीन. रुफस विंडोजवरच चालते, हे लक्षात ठेवा.

उत्तर ३ (सीताबर्डी)

बाकीच्या संगणकांसाठी क्लोनझिलाच योग्य. एका संगणकावर लिनक्स, मराठी कळफलक आणि प्रिंटर नीट बसवा, त्याची प्रतिमा (डिस्कची फाइलीत साठवलेली प्रत) घ्या आणि ती इतरांवर उतरवा. ओळखीच्या फाइलप्रणालीत (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) ते फक्त वापरलेली जागा उचलते, त्यामुळे प्रतिमा आटोपशीर राहते. पण उतरवायची डिस्क सहसा मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही, म्हणून सर्वांत लहान डिस्कचा संगणक नमुना म्हणून निवडा. मजकुरी पडद्याची सवय नसलेल्यांना रेस्क्यूझिला सोपे जाईल, ते क्लोनझिलाच्या प्रतिमाही वाचते.

प्रतिमा घेण्याआधी नमुना संगणकातील मशीन-आयडीची (लिनक्सने त्या संगणकाला दिलेल्या ओळखीची) फाइल रिकामी करा, नाहीतर सगळ्या प्रतींची ओळख एकच राहते आणि राउटर दोन संगणकांना एकच पत्ता देऊ शकतो. प्रत्येकाचे होस्टनेम (नेटवर्कवरचे नाव) नंतर वेगळे ठेवा. हस्तलिखितांच्या संगणकावर मात्र जुन्या डिस्कऐवजी नवी डिस्क लावूनच ही प्रतिमा उतरवा, आणि स्कॅनच्या फाइली उघडून तपासल्याशिवाय जुनी डिस्क टाकून देऊ नका.