गप्प आहे, पण ऐकते आहे
कादंबरीतली मुलगी नव्या देशातल्या शाळेत चार महिने तोंडच उघडत नाही हे ताणलेलं वाटतं, असं या कादंबरीबद्दल एका वाचकाने म्हटलंय. मला तोच भाग सगळ्यात खरा वाटला. परक्या भाषेत येऊन पडलेली बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्पच असतात. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. हजेरीला नुसता हात वर करायचा. पण मी गोष्ट वाचायला लागले की त्याचे ओठ माझ्याबरोबर हलायचे, आवाज न करता. एक दिवस पेन्सिल घरंगळली आणि तो शेजारणीला चक्क म्हणाला, "ती माझी आहे, दे ना." मी ऐकलंच नाही असं दाखवलं, नाहीतर पुन्हा मिटला असता.

मला खटकला तो कादंबरीचा शेवट. ती बोलायला लागली आणि सगळं सुरळीत! दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८१ मध्ये कॅनडातल्या स्थलांतरित मुलांबद्दल मांडलंय की बोलण्याची भाषा साधारण २ वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात. "बोलता तर येतं, मग पेपर का जमत नाही?" हे त्या मधल्या वर्षांत मुलांना फार ऐकावं लागतं. त्यावर एक तरी प्रकरण हवं होतं.